सांध्याचा इतिहास

बैलगाडीचें चाक सुतार घडवितो, त्यावरची लोखंडी धांव लोहार चढवितो, आणि गाडी चालते ती दोघांच्या कामाच्या मिलाफानें. सुताराचें काम निर्दोष असेल, लोहाराचेंही निर्दोष असेल. तथापि धांव चाकाच्या परिघास नीट बसली नाहीं, तर पहिल्याच उतारावर त्या दोघांच्या कौशल्याची माती होते. सुट्या भागांपासून समग्र वस्तु निर्माण करणाऱ्या प्रत्येक विद्येपुढें हा प्रश्न उभा असतो: भाग खरे असले म्हणजे समग्र खरें होतें काय?

आजच्या यंत्रविद्येंत या प्रश्नानें एक नवें रूप धारण केलें आहे. विमान, आगगाडीचें एंजिन किंवा औष्णिक वीजकेंद्र प्रत्यक्ष उभें करण्यापूर्वीं त्याचें एक प्रतिरूप समीकरणांच्या भाषेंत संगणकांत रचतात, तें काळाच्या ओघांत चालवून पाहतात, आणि त्याच्या वर्तनावरून मूळ आराखडा सुधारतात. या चालवून पाहण्यास सिम्युलेशन असें नांव आहे. हीं प्रतिरूपें एकट्या माणसाच्या हातचीं नसतात. पंप एकानें लिहावा, बाष्पपात्र दुसऱ्यानें, विजेची मोटार तिसऱ्यानें, आणि जोडणाऱ्यानें या तिघांचेंही तोंड पाहिलेलें नसावें, असा प्रकार नित्याचा झाला आहे. या विद्येचा इतिहास बहुधा संगणकाच्या वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगण्यांत येतो. आमच्या मतें तो वस्तुतः सांध्याचा इतिहास आहे. एक भाग दुसऱ्या भागास कोणत्या नियमानें जोडावा, या प्रश्नाचें समाधानकारक उत्तर सांपडण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. आणि तें सांपडल्यावरही त्या उत्तराची मर्यादा कोठें संपते, हें एका मोठ्या अपघाताच्या निमित्तानें जगाच्या ध्यानीं आलें.

भाग जोडण्याचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे बेरीज. एकोणिसाव्या शतकांत विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळांतील लॉर्ड केल्व्हिन, यांनीं समुद्राच्या भरतीओहोटीचें भाकित करणारें यंत्र १८७२-७३ च्या सुमारास सिद्ध केलें. कोणत्याही बंदरावरील भरतीओहोटीची चढउतार ही चंद्र व सूर्य यांच्या निरनिराळ्या गतींपासून उत्पन्न होणाऱ्या अनेक नियमित आंदोलनांची बेरीज असते, हें तत्त्व त्याच्या मुळाशीं होतें. प्रत्येक आंदोलनास एक चक्र व एक कप्पी नेमून दिलेली होती. सर्व कप्प्यांवरून एकच दोरी नेलेली होती. आणि त्या दोरीच्या टोंकाची लेखणी कागदावर पाण्याच्या पातळीची वक्ररेषा काढीत असे. या यंत्राचा आपल्या किनाऱ्याशीं निकटचा संबंध आहे. हिंदुस्थानांतील बंदरांकरितां एडवर्ड रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखालीं १८७९ सालीं असेंच एक यंत्र लंडन येथें तयार झालें. त्यांत आरंभीं २० आंदोलनांची सोय होती, आणि मुंबईसारख्या बंदरांचीं भरतीओहोटीचीं कोष्टकें त्याच्या साह्यानें तयार होत असत.

हें यंत्र घटकांचेंच बनलेलें होतें यांत संशय नाहीं. परंतु त्यांतील घटक एकमेकांविषयीं पूर्णपणें उदासीन होते. एका चक्राच्या फिरण्याचा दुसऱ्याच्या फिरण्यावर कांहींच परिणाम होत नसे. व्यवहारांतील बहुतेक वस्तु अशा नसतात. पंप पाण्यास ढकलतो, आणि तेंच पाणी दाबाच्या रूपानें पंपावर उलट भार घालतें. अशा परस्परावलंबी वस्तूंचें प्रतिरूप करावयाचें, तर एका भागाचें फलित फिरून त्याच्याच मुखाशीं आणून सोडावें लागतें.

ही कल्पनाही टॉमसन यांनाच सुचली. त्यांचे बंधु जेम्स टॉमसन यांनीं तबकडी, गोळा व नळकांडें यांच्या योगानें समाकलन करणारी एक युक्ति शोधून काढली होती. अशा युक्तीचें फलित तिच्याच प्रवेशाकडे वळविलें असतां अवकल समीकरण, म्हणजे एखादी राशि क्षणोक्षणीं कोणत्या वेगानें बदलते हें सांगणारें समीकरण, यंत्राकडून आपोआप सोडविलें जाईल, असें विल्यम टॉमसन यांनीं १८७६ सालीं रॉयल सोसायटीपुढें मांडलें. विचार निर्दोष होता. पण गोळ्याच्या हलक्या स्पर्शानें फिरणाऱ्या नळकांड्यांत पुढचें यंत्र ओढण्याइतकी ताकद नव्हती. सांधा कागदावर जुळला, लोखंडांत जुळला नाहीं. आणि ही कल्पना अर्धशतकाहून अधिक काळ तशीच पडून राहिली.

ती प्रत्यक्षांत आणण्याचें श्रेय अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे व्हॅनेव्हर बुश यांस आहे. फिरण्याचा जोर वाढविणारी एक जोडयुक्ति वापरून त्यांनीं १९३१ पर्यंत सहा समाकलकांचें ‘डिफरन्शियल अ‍ॅनलायझर’ यंत्र पूर्ण केलें. एका लांबलचक मेजावर दांडे व दंतचक्रें यांची मांडणी असे. तेच समाकलक निराळ्या दांड्यांनीं जोडले कीं निराळें समीकरण तयार होई. १९३४ सालीं मँचेस्टर येथें डग्लस हार्ट्री व त्यांचे विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनीं या यंत्राची प्रतिकृति ‘मेकॅनो’ या मुलांच्या खेळण्याच्या भागांतून उभारली, आणि तीवर अणुरचनेचीं गणितें करून दाखविलीं. घटकांचें सामर्थ्य त्यांच्या मौल्यवानपणांत नसून जोडणींत असतें, याचें याहून बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

परंतु ही जोडणी करणें हें मोठें कष्टाचें काम होतें. नवा प्रश्न आला कीं दांडे उपसावे, चक्रें बदलावीं, पुन्हां सर्व जुळवावें. बुश यांच्या मंडळीनें १९४२ सालीं कार्यान्वित केलेल्या दुसऱ्या मोठ्या यंत्रांत भोंकें पाडलेल्या कागदी पट्ट्यांच्या योगें विजेच्या साह्यानें जोडणी होऊं लागली. वरवर पाहतां ही केवळ सोय होती. वस्तुतः सांधा लोखंडांतून निघून लेखनांत आला होता. यापुढील सर्व इतिहास या लेखनाच्या भाषेचा इतिहास आहे.

त्या भाषेंत एक मूलभूत वैगुण्य होतें, व तें यंत्रांकडून वारशानें आलेलें होतें. बुश यांच्या मेजावरील प्रत्येक दांड्यास एक फिरविणारा व एक फिरणारा असे. प्रत्येक घटकास प्रवेशद्वार निराळें, निर्गमद्वार निराळें. सृष्टींतील वस्तूंस मात्र हा भेद ठाऊक नाहीं. विजेच्या मोटारीस प्रवाह द्यावा, ती फिरते; तीच बाहेरून फिरवावी, ती प्रवाह देते. वस्तु एकच असून कारण कोणतें व कार्य कोणतें हें ती कशास जोडली आहे यावर ठरतें. दिशा ठरवून लिहावयाचें म्हटलें म्हणजे या एका वस्तूचीं दोन प्रतिरूपें लिहिणें भाग पडतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेचे सादृश्य-संगणक आले, त्यांच्यामागून अंकीय संगणक आले. पण हें वैगुण्य गेलें नाहीं. सिम्युलेशनच्या भाषांस कांहीं एकवाक्यता यावी म्हणून १९६७ सालीं अमेरिकेंत एक मान्य आराखडा प्रसिद्ध झाला. त्यांतही जुन्या यंत्रांच्याच वळणाचें लेखन कायम राहिलें: उजव्या बाजूची किंमत काढावी व ती डाव्या बाजूच्या राशीस द्यावी. यामुळें समग्र यंत्राचें बीजगणित आधीं एंजिनियरानें हातानें सोडवावें, कोणती राशि कोणत्या समीकरणांतून काढावयाची हें ठरवावें, आणि मगच संगणकाकडे जावें, अशी परिस्थिति होती. कारखान्याच्या आराखड्यांत एक नळी वाढली, तर सारीं समीकरणें पुन्हां मांडावीं लागत. चित्रांत घटक सुटे दिसत, पण लेखनांत ते एकमेकांत असे विणले जात कीं एक धागा ओढतांच सर्व वस्त्र उसवावें.

या अडचणींतून बाहेर काढणारे तीन विचार जवळजवळ एकाच काळांत जन्मास आले. पहिला हेन्री पेंटर यांचा. मॅसॅच्युसेट्स येथील या अध्यापकांनीं १९५९ सालीं ‘बाँड ग्राफ’ ही आलेखपद्धति मांडली. वीज, पाणी, चक्र व उष्णता यांचीं शास्त्रें निरनिराळीं असलीं, तरी त्यांच्या सांध्यांतून वाहणारी शक्ति एकच आहे, हें त्यांचें मर्म होतें. विजेंत दाब गुणिले प्रवाह, पाण्यांत दाब गुणिले ओघ, चक्रांत पीळ गुणिले फिरण्याचा वेग; सर्वत्र एक जोर व एक ओघ, आणि त्यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. भिन्न शास्त्रांतील भाग एकाच नियमानें जोडतां येतील, ही शक्यता या पद्धतीनें उघड केली.

दुसरा विचार आयव्हन सदरलँड यांचा. १९६३ सालच्या त्यांच्या प्रबंधाचा विषय असलेला ‘स्केचपॅड’ हा संगणकाच्या पडद्यावर प्रकाश-लेखणीनें आकृति काढण्याचा पहिला मोठा प्रयोग म्हणून प्रसिद्ध आहे, व संगणकाच्या साह्यानें आराखडे करण्याच्या विद्येची सुरुवात तेथूनच मोजतात. परंतु आपल्या दृष्टीनें त्यांतील महत्त्वाची गोष्ट ही, कीं रेषा कशी काढावयाची हें न सांगतां तिनें कोणती अट पाळावी एवढेंच सांगतां येत असे. या दोन रेषा समांतर असाव्या, ही लांबी कायम राहावी, असें सांगितलें कीं उरलेलें काम यंत्र करी. अशाच अटी घालून सदरलँड यांनीं पुलाच्या कैचीवरील भार कोणत्या दांडीवर किती येतो हेंही काढून दाखविलें. शिवाय मूळ आकृतींत बदल केला कीं तिच्या सर्व प्रतींत तो आपोआप होई.

तिसरा विचार नॉर्वेचा. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्यें ओले-योहान डाल व क्रिस्टेन निगार्ड यांनीं साठीच्या दशकांत ‘सिम्युला’ ही भाषा रचिली. तिच्या १९६७ च्या स्वरूपांत ‘वर्ग’ ही कल्पना आली: वस्तूचें वर्णन एकदां करावें, व त्या वर्णनाबरहुकूम हव्या तितक्या वस्तु निर्माण कराव्या. पुढें संगणकाच्या बहुतेक सर्व भाषांनीं ही कल्पना उचलली; परंतु तिचा जन्म सिम्युलेशनच्या गरजेंतून झाला, याचें स्मरण फारसें राहिलेलें नाहीं.

जोर व ओघ यांचा सांधा, दिशेवांचून सांगितलेली अट, आणि एकदां लिहून अनेकदां वापरावयाचें वर्णन, हे तीन धागे एकत्र वळण्याचें काम स्वीडनमध्यें झालें. लुंड येथील विद्यापीठांत कार्ल योहान ओस्ट्रोम यांच्या मार्गदर्शनाखालीं हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनीं १९७८ सालीं जो प्रबंध सादर केला, त्यांत ‘डायमोला’ या भाषेचें वर्णन होतें. या भाषेंत घटक लिहिणारा केवळ त्या घटकाचीं समीकरणें लिहितो. कोणती राशि ज्ञात व कोणती अज्ञात हें तो सांगत नाहीं, कारण तें त्यास माहीत असण्याचें कारणच नाहीं. घटक जोडले कीं सर्व समीकरणें एकत्र होतात, आणि कोणतें समीकरण कोणत्या राशीसाठीं व कोणत्या क्रमानें सोडवावें हें ठरविण्याचें काम संगणकाचें. पूर्वीं जें बीजगणित एंजिनियराच्या माथीं होतें, तें येथें यंत्राच्या माथीं गेलें.

आणि सांध्याचा नियम? तो अत्यंत सोपा आहे व त्याचें मूळ १८४५ सालांत आहे. विजेच्या तारा एका बिंदूंत मिळाल्या, तर त्या बिंदूशीं सर्वांचा विद्युद्दाब सारखा असतो, आणि तेथें येणाऱ्या व तेथून जाणाऱ्या प्रवाहांची बेरीज शून्य असते. गुस्टाफ किर्खहोफ यांनीं त्या सालीं मांडलेल्या नियमांचें हें सार. हाच नियम सर्व शास्त्रांस लावतां येतो. नळ्या जोडल्या तर दाब समान, ओघांची बेरीज शून्य. दांडे जोडले तर कोन समान, पिळांची बेरीज शून्य. तप्त वस्तु जोडल्या तर उष्णतामान समान, उष्णतेच्या ओघांची बेरीज शून्य. सांध्यास एवढीं दोन वाक्यें पुरतात. मोटारीचें प्रतिरूप आतां एकच राहतें. ती चालविणार कीं चालविली जाणार, हें शेजारी ठरवितात.

इतका समर्पक विचार तत्काळ सर्वत्र पसरावयास हवा होता. तसें झालें नाहीं. त्या काळच्या संगणकांची स्मरणशक्ति अशा कामास अपुरी होती. शिवाय एक गणिती अडचण होती. दोन जड चक्रें सुटीं असतांना प्रत्येकाचा वेग स्वतंत्र असतो, व प्रत्येकाचें समीकरणही तसेंच लिहिलेलें असतें. तीं एकाच ताठ दांड्यावर पक्कीं बसविलीं कीं वेग एकच उरतो. आणि दोघांमधील पीळ किती, हें लिहिलेल्या समीकरणांतून सरळ निघत नाहीं. त्यासाठीं सांध्याच्या अटीचेंच अवकलन करावें लागतें. कोणत्या समीकरणांचें अवकलन करावें हें यंत्रास शोधून देणारी रीति कॉन्स्टंटाइन पँटेलिडीस यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केली. त्यानंतर एल्मक्विस्ट यांनीं १९९२ सालीं लुंड येथें आपली कंपनी स्थापिली, आणि १९९६ सालीं अनेक देशांतील तज्ज्ञांनीं एकत्र येऊन सर्वांस खुली अशी समान भाषा ठरविण्यास आरंभ केला. ‘मॉडेलिका’ या नांवानें तिची पहिली आवृत्ति सप्टेंबर १९९७ मध्यें प्रसिद्ध झाली. स्वीडनमधील लिंचपिंग येथें वाढलेली या भाषेची ‘ओपनमॉडेलिका’ ही विनामूल्य साधनसामग्री हिंदुस्थानांतील विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याचें काम पवई येथील आय. आय. टी. मुंबईच्या ‘फॉसी’ या उपक्रमानें केलें आहे.

पुढें २०१० सालीं निरनिराळ्या कंपन्यांच्या साधनांनीं तयार केलेलीं प्रतिरूपें परस्परांस जोडतां यावीं असा आणखी एक समान संकेत प्रसिद्ध झाला. त्याच्या योगें घटकाचा कर्ता आपलीं समीकरणें झांकून ठेवूनही तो घटक दुसऱ्यास देऊं शकतो. घेणाऱ्यास दिसतो तो केवळ सांधा. व्यापाराच्या दृष्टीनें ही मोठीच सोय होय. परंतु येथेंच आरंभींचा प्रश्न पुन्हां उभा राहतो. सांधा जुळला, एवढ्यावरून आंतील भाग या नव्या जागीं खरा आहे असें मानावें काय?

या प्रश्नाचें उत्तर मॉडेलिकाच्या जन्माच्या सुमारासच एका निराळ्या क्षेत्रांत मिळालें होतें. ४ जून १९९६ रोजीं फ्रेंच गियानांतील कूरू येथून युरोपचा ‘आरियान ५’ हा अग्निबाण प्रथमच सोडण्यांत आला. सुमारें ४० सेकंदांत तो मार्गावरून वळला, मोडला आणि नष्ट झाला. त्यासोबत पृथ्वीच्या चुंबकीय आवरणाच्या अभ्यासासाठीं पाठविलेले ‘क्लस्टर’ मालिकेचे चार उपग्रहही गेले. झाक-लुई लिओन्स या गणितज्ञांच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळानें जी कारणमीमांसा केली, ती प्रत्येक यंत्रशास्त्रज्ञानें मनन करावी अशी आहे.

बाणाची स्थिति व दिशा सांगणारा घटक ‘आरियान ४’ वरून जवळजवळ जसाच्या तसा घेतला होता. तेथें तो विश्वासास पात्र ठरला होता. त्यांतील एक गणित वस्तुतः उड्डाणापूर्वींच उपयोगाचें. परंतु जुन्या बाणाच्या गरजेमुळें तें उड्डाणानंतरही सुमारें ४० सेकंद चालू राहत असे, आणि नव्या बाणास त्याची कांहींच जरुरी नव्हती. नव्या बाणाचा आडवा वेग आरंभींच पुष्कळ अधिक होता. त्या वेगाशीं निगडित असलेली एक मोठी संख्या १६ अंशांच्या लहान कप्प्यांत घालण्याचा प्रयत्न झाला; त्या कप्प्यांत ३२,७६७ पेक्षां मोठी संख्या मावत नाहीं. घटक बंद पडला. त्याच्या मदतीस ठेवलेला दुसरा घटक हुबेहूब तसाच असल्यामुळें तो त्याच कारणानें क्षणभर आधींच बंद पडला होता. आणि बंद पडतांना घटकानें जो दोषसंदेश सांध्यावरून पाठविला, तो मुख्य संगणकानें उड्डाणाची माहिती समजून वाचला.

सांधा जुळलेला होता. जुळला नव्हता तो सांध्यावर कोठेंही न लिहिलेला मर्यादेचा करार. आडवा वेग एवढ्यापर्यंतच राहील, हें गृहीत आरियान ४ मध्यें खरें होतें व तेथेंच राहिलें. घटक मात्र तेथून निघून आला. याहूनही विचार करण्यासारखी गोष्ट पुढची आहे. उड्डाणापूर्वीं समग्र बाणाचें सिम्युलेशन झालें होतें. परंतु त्यांत हा घटक प्रत्यक्ष बसविलेला नव्हता. त्याचें काम करणारें एक सोपें प्रतिरूप त्याच्या जागीं ठेवलें होतें, कारण घटक आधींच कसोटीस उतरलेला आहे असें मानलें गेलें. भाग खरा म्हणून त्यास समग्राच्या परीक्षेंतून सूट मिळाली.

या विद्येचा अभिमान बाळगणाऱ्यांस या उदाहरणाचा विषाद वाटण्याचें कारण नाहीं; पण त्यांतून घ्यावयाचा बोध मात्र टाळतां येणार नाहीं. किर्खहोफपासून एल्मक्विस्टपर्यंत चालत आलेल्या सांध्याच्या नियमानें दाब, ओघ, कोन व पीळ यांचा हिशेब अचूक राखला जातो. परंतु प्रत्येक घटकाच्या पोटांत त्याच्या कर्त्याचीं गृहीतें असतात. अमुक उष्णतामानापर्यंत, अमुक वेगापर्यंत, अमुक काळापर्यंत तो खरा असतो. हीं गृहीतें सांध्यावर लिहिलीं नाहींत, तर जोडणाऱ्यास तीं दिसत नाहींत; आणि घटक जितका नामांकित, तितकी त्यांविषयीं विचारपूस कमी होते. मॉडेलिकांत अशा मर्यादा अटीच्या रूपानें लिहिण्याची व त्या मोडतांच चालतें प्रतिरूप थांबविण्याची सोय आहे. ती वापरणें न वापरणें हें सर्वस्वी लिहिणाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून राहतें.

चौकशीच्या वेळीं त्याच घटकाची आज्ञावली संगणकावर घेऊन तीस त्या दुर्दैवी उड्डाणाच्या मार्गाची माहिती पुरविण्यांत आली, तेव्हां नाशापर्यंतची घटनांची सारी सांखळी हुबेहूब पुन्हां घडून आली. म्हणजे साधन समर्थ होतें. उड्डाणापूर्वींही त्यास नव्या मार्गाविषयीं विचारलें असतें, तर त्यानें तेंच उत्तर दिलें असतें. विचारणें तेवढें माणसांकडून राहून गेलें.